डॉ. रखमाबाई : मनाचा पुरावा

सुरतेत मराठी माणसं भरपूर. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत तर खानदेशच वसलाय, आणि तापीच्या पलीकडे कोसाड-अमरोलीकडेही मराठी कानावर पडतंच. पण सुरतेशी जोडलेलं मराठी नाव सांगा म्हटलं, की शिवाजी महाराजांच्या दोन स्वाऱ्या आठवतात आणि त्यापुढे गाडी अडते. खरं तर एक नाव अगदी जवळचं आहे. डॉ. रखमाबाई. १८९५ साली त्या सुरतेला आल्या आणि वीसहून अधिक वर्षं इथल्या बायकांच्या इस्पितळात त्यांनी काम केलं. महाराष्ट्रात त्यांची ओळख त्यांच्या खटल्यामुळे आहे. सुरतेतली वर्षं मात्र एका ओळीत उरकली जातात.

या लेखात त्यांचं आयुष्य सांगायचं आहे, पण एक प्रश्न हाताशी धरून. माणसाच्या अंगावरची जखम कोर्टाला दाखवता येते. मनावरची कशी दाखवायची? आज आपल्या देशातून जीव मुठीत धरून निघालेली माणसं दुसऱ्या देशात आश्रय मागतात, तेव्हा हाच प्रश्न उभा राहतो. तिथे आता मानसतज्ज्ञाचा अहवाल कामी येतो. रखमाबाईंच्या वेळी असं काही नव्हतं. त्यांना स्वतःच स्वतःचा अहवाल लिहावा लागला.

अकराव्या वर्षीचं लग्न

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. वडील जनार्दन पांडुरंग ती अगदी लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई तेव्हा सतरा वर्षांची होती. सुतार समाजात विधवेने पुन्हा लग्न करायला आडकाठी नव्हती. काही वर्षांनी जयंतीबाईंचं लग्न डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झालं. त्याआधी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावावर करून दिली होती. पुढे जे रामायण घडलं, त्यात या मालमत्तेचाही हात होता असं रखमाबाईंच्या बाजूचे लोक म्हणत.

सखाराम अर्जुन हे त्या काळच्या मुंबईतलं मोठं नाव. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली, तिच्या संस्थापकांत दोन भारतीय होते, त्यांतले हे एक. विचाराने सुधारक. पण सुधारकाच्या घरातही रूढी असतेच. अकराव्या वर्षी रखमाचं लग्न लागलं. नवरा दादाजी भिकाजी नात्यातलाच, वय एकोणीस. ठरलं असं होतं, की त्याने घरजावई म्हणून राहायचं, शिकायचं आणि चांगला माणूस व्हायचं. दादाजीचं शिक्षणात मन रमलं नाही. तो मामाकडे, नारायण धुर्माजींकडे, राहायला गेला. तब्येत खालावली, कर्ज झालं.

रखमा माहेरीच राहिली. सखाराम अर्जुन डॉक्टर होते, कोवळ्या वयातल्या बाळंतपणाने मुलींचं काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी गर्भाधान होऊ दिलं नाही. लग्न झाल्यामुळे शाळा मात्र सुटली. मग ती घरीच शिकू लागली. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तकं येत, त्यांवर तिने स्वतःचं इंग्रजी घडवलं. घरी सुधारक मंडळींची ये-जा असे, त्यांची बोलणी ती ऐके. ज्या वयात त्या काळच्या मुलींचा संसार सुरू झालेला असे, त्या वयात ही मुलगी वाचत होती आणि आपलं काय झालंय ते समजून घेत होती.

दोन पत्रं आणि एक खटला

१८८४ च्या मार्चमध्ये दादाजीच्या वकिलाची नोटीस आली. बायकोला अडवू नका, नांदायला पाठवा, असा तिचा आशय. रखमाबाई तेव्हा विशीत पोचत होत्या. त्यांनी नकार दिला. नवऱ्याची प्रकृती, त्याची गरिबी, मामाच्या घरचं वातावरण ही कारणं पुढे आली. पण सगळ्यांच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती. जे लग्न अकराव्या वर्षी, न विचारता लावलं गेलं, ते त्यांना मान्य नव्हतं.

एप्रिल १८८५ मध्ये सखाराम अर्जुन वारले. आधार गेला. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीच्या टोपणनावाने दोन पत्रं छापून आली, जूनमध्ये बालविवाहावर आणि सप्टेंबरमध्ये सक्तीच्या वैधव्यावर. लिहिणारी रखमाबाई आहे हे लोकांना नंतर कळलं. आदल्याच वर्षी बेहरामजी मलबारींनी याच दोन विषयांवर टिपणं काढली होती, त्यामुळे वाद तापलेलाच होता. पण मलबारी पुरुष होते आणि बाहेरून बोलत होते. ही बाई आतून बोलत होती.

पत्रांत एक गोष्ट ठळक दिसते. बालविवाहाने मुलीचं शरीर खचतं, हे तेव्हाचे सुधारक सांगतच. रखमाबाईंनी मनाकडे बोट दाखवलं. लग्नाने त्यांच्यात आणि अभ्यासात भिंत उभी केली, काही गुन्हा नसताना त्यांना कोंडून घातलं, आणि बुद्धी वाढण्याच्या वयातच तिची वाढ थांबवली, असं त्यांचं म्हणणं. मार खाल्ला, उपाशी ठेवलं, अशी तक्रार त्यांच्याकडे नव्हती. दाखवायला एक वळही नव्हता.

२१ सप्टेंबर १८८५ ला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला. रखमाबाईंच्या बाजूने. त्यांचं तर्कशास्त्र असं होतं: दावा होता वैवाहिक हक्क परत मिळवून देण्याचा. पण हे दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत, तर परत काय द्यायचं? शिवाय असा दावा मुळात इंग्रजी कायद्यातून आलेला, हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही. मोठ्या झालेल्या बाईला तिच्या मनाविरुद्ध एखाद्या माणसाच्या स्वाधीन करणं त्यांना अमानुष वाटलं.

निकालाने गदारोळ माजला. टिळकांच्या केसरीने कडक विरोध केला. बायका शिकल्या की अशाच वागणार, हा सूर सगळीकडे निघू लागला. दुसऱ्या बाजूला रखमाबाईंच्या मदतीसाठी एक समिती उभी राहिली. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांसारखा नामांकित माणूस त्यांच्या वकिलांत होता. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांतही खटला गाजला. पंडिता रमाबाई तेव्हा अमेरिकेत होत्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेलं पुस्तक १८८७ साली आलं, त्यातही रखमाबाईंची कहाणी आहे.

दादाजीने अपील केलं. १८८६ मध्ये सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निकाल फिरवला आणि खटला पुन्हा चालवायला सांगितलं. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: एका महिन्यात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग.

रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाते.

कोर्टाने जे विचारलं नाही

इथे जरा थांबू या. या खटल्यात काय काय तपासलं गेलं? लग्न विधीप्रमाणे लागलं का, नवऱ्याची कमाई किती, त्याला रोग आहे की नाही, मालमत्ता कोणाची. बाईच्या मनाचं काय झालं, हे कोणी रीतसर विचारलं नाही. विचारलं असतं तरी ते पुरावा म्हणून कुठल्या खान्यात टाकायचं, हे कायद्याला माहीत नव्हतं.

गंमत अशी, की रखमाबाईंचा धीटपणाच त्यांच्या विरुद्ध गेला. त्या रडत नव्हत्या. स्पष्ट लिहीत होत्या, तेही उत्तम इंग्रजीत. मग लोक म्हणाले, हिला कसला त्रास, ही तर इंग्रजी शिक्षणाने बिघडलेली. त्या काळच्या समजुतीत त्रास झालेली बाई म्हणजे खालमानेने मुसमुसणारी. त्या साच्यात न बसणाऱ्या बाईवर विश्वास ठेवायचा कसा?

आता आजचं चित्र पाहा. १९५१ च्या निर्वासितविषयक जागतिक करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटातलं असणं यांपैकी कारणावरून छळ होईल अशी साधार भीती असलेल्या माणसाला आश्रय मागता येतो. भारताने या करारावर सही केलेली नाही, पण अनेक देश तो पाळतात. बायकांवर बायका म्हणून होणारा छळ यात बसतो का, यावर बरीच वर्षं वाद झाला. १९९९ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने दोन पाकिस्तानी स्त्रियांच्या खटल्यात तो बसतो असं मान्य केलं. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या, बदफैलीचा आळ आलेल्या त्या दोघी होत्या. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने याविषयी मार्गदर्शक सूचनाही काढल्या.

पण कारण मान्य झालं तरी गोष्ट खरी आहे हे पटवावं लागतंच. आश्रय मागणाऱ्याकडे बहुतेक वेळा कागद नसतात, साक्षीदार मागे राहिलेले असतात. उरतो तो त्याचा शब्द. आणि अधिकारी तो शब्द ताडून पाहतो. पहिल्या मुलाखतीत मंगळवार सांगितला, दुसऱ्या वेळी गुरुवार, म्हणजे खोटं बोलतोय. बलात्काराची गोष्ट आधी का नाही सांगितली? एवढं भयानक घडलं तर डोळ्यांत पाणी का नाही?

मानसतज्ज्ञाचं काम इथे सुरू होतं. तो त्या माणसाबरोबर काही तास बसतो, कधी एकाहून अधिक बैठका होतात, लागला तर दुभाषा असतो. झोप कशी लागते, स्वप्नं कसली पडतात, कशाने दचकायला होतं, कुठल्या आठवणी टाळाव्याशा वाटतात, हे तो हळूहळू विचारतो. मग लिहितो. भयंकर प्रसंगाची आठवण घड्याळाच्या क्रमाने साठत नाही, तुकड्यांनी साठते, त्यामुळे तारखा घसरणं हे खोटेपणाचं लक्षण नव्हे. लाजेने आणि भीतीने माणूस सगळ्यात वाईट गोष्ट सगळ्यात शेवटी सांगतो. काही जण कोरड्या आवाजात बोलतात, कारण तसं बोलल्याशिवाय त्यांना बोलताच येत नाही.

असे अहवाल कसे लिहावेत याची एक जागतिक नियमावली आहे. १९९९ साली तयार झालेली, इस्तंबूल प्रोटोकॉल नावाची. तिच्यातल्या दोन गोष्टी मला रखमाबाईंच्या संदर्भात महत्त्वाच्या वाटतात. पहिली, तज्ज्ञ हा न्यायाधीश नव्हे. गोष्ट खरी की खोटी, आश्रय द्यायचा की नाही, हे तो ठरवत नाही. सांगितलेली हकीकत आणि दिसणारी लक्षणं यांचा मेळ किती बसतो, एवढंच पायरीपायरीने नोंदवतो. दुसरी, लक्षणं दिसली नाहीत म्हणजे छळ झालाच नाही असं होत नाही. एखादा माणूस खंबीर असतो. त्याच्या खंबीरपणाची शिक्षा त्याला मिळू नये. १८८७ मध्ये हे वाक्य कोणी फॅरनसाहेबांपुढे ठेवलं असतं तर!

अर्थात मनाची तपासणी हे दुधारी शस्त्र आहे. हंगेरीत एका नायजेरियन माणसाने समलिंगी असल्यामुळे जिवाला धोका आहे म्हणून आश्रय मागितला. सरकारने मानसशास्त्रीय चाचण्या घेतल्या आणि त्यांवरून तो समलिंगी असल्याचं सिद्ध होत नाही असं ठरवलं. जानेवारी २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं, की लैंगिक कल ठरवण्यासाठी अशा चाचण्या वापरता येणार नाहीत, ही खासगी आयुष्यात घुसखोरी आहे. म्हणजे तज्ज्ञाने ऐकायचं असतं, उलटतपासणी करायची नसते. रखमाबाईंच्या मनाची चिरफाड वर्तमानपत्रांनी पुष्कळ केली. ऐकणारे थोडे होते.

डॉक्टर होणं

तुरुंगाची पाळी शेवटी आली नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि हुकमाची बजावणी सोडून दिली. ज्या बाईला शरण जायला सांगत होते, ती पैसे मोजून मोकळी झाली. मनातून मोकळी तर ती आधीच होती.

मुंबईच्या कामा इस्पितळात डॉ. एडिथ पीची नावाच्या इंग्रज डॉक्टरीण होत्या. त्यांनी रखमाबाईंना वैद्यकी शिकायचं उत्तेजन दिलं, पैसे उभे करायला मदत केली. १८८९ साली रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं होतं. एकीने आसऱ्यासाठी घर बांधलं, दुसरी परक्या देशात शिकायला गेली. दोघींवर समाजाने सारखेच दगड मारले.

१८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. परीक्षा स्कॉटलंडमध्ये दिल्या, एम.डी. ब्रसेल्सहून घेतली. आनंदीबाई जोशी त्यांच्याआधी, १८८६ मध्ये, अमेरिकेत डॉक्टर झाल्या होत्या, पण १८८७ च्या फेब्रुवारीतच त्या गेल्या. प्रत्यक्ष रोगी तपासणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टरांत बंगालच्या कादंबिनी गांगुली आणि आपल्या रखमाबाई ही नावं पुढे येतात.

सुरत

१८९५ साली रखमाबाई सुरतेच्या बायकांच्या इस्पितळात रुजू झाल्या. वय तीस. गुजराती मुलुख, ओळखीचं कोणी नाही. तेव्हाचं सुरत म्हणजे तापीच्या दक्षिण काठावरचं कोटातलं शहर, आणि पलीकडे कोसाड हे नुसतं खेडं. बाळंतपण घरीच, सुईणीच्या हातून. पडद्यातली बाई पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवायची नाही. दवाखान्यात गेलेली बाई परत येत नाही, अशी भीती होती ती वेगळीच. एक गोष्ट सांगितली जाते, की ही भीती घालवायला रखमाबाईंनी एक गाभण शेळी इस्पितळात आणून ठेवली. ती तिथे सुखरूप व्याली, आणि मग बायकांना धीर आला. भाषणाने झालं नसतं ते शेळीने केलं.

त्या काळात सुरतेने काय काय पाहिलं? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि लवकरच गुजरातेत पसरला. १८९९-१९०० चा दुष्काळ तर गुजरातेत छप्पनियो म्हणून अजून आठवला जातो. रखमाबाई या सगळ्यात आपल्या जागी होत्या. १९१७ च्या सुमारास त्या राजकोटला गेल्या, तिथल्या संस्थानी जनाना इस्पितळात आणखी बारा-एक वर्षं काम केलं. हिशेब केला तर आयुष्यातली पस्तीस वर्षं गुजरातेतल्या बायकांसाठी गेली. खटल्याची चार.

डॉक्टरपुढे बसलेली बाई नुसतं पोटात दुखतं म्हणून येत नाही, हे आज कुठलीही डॉक्टरीण सांगेल. नवऱ्याचं पिणं, सासूचा जाच, पाठोपाठची बाळंतपणं हे सगळं त्या दुखण्यात मिसळलेलं असतं. ज्या बाईचं म्हणणं भर कोर्टात ऐकून न ऐकल्यासारखं केलं गेलं, ती आता दुसऱ्यांचं ऐकण्याच्या खुर्चीत होती. या योगायोगाचा त्यांनी गाजावाजा केला नाही. काम केलं.

१९०४ साली दादाजी वारला. त्यानंतर रखमाबाई विधवेची पांढरी साडी नेसू लागल्या, असं त्यांच्याबद्दल सांगतात. ज्याला आयुष्यभर नवरा मानलं नाही, त्याच्यासाठी हे का? कोणी म्हणतं समाजात काम करायचं होतं म्हणून, कोणी म्हणतं संस्कार. आपण त्यावर निकाल देऊ नये. एकदा त्यांच्या मनाचे निकाल पुष्कळांनी दिले होते, तेवढे पुरे.

शेवटची वर्षं

निवृत्तीच्या सुमारास त्यांनी पडदापद्धतीविरुद्ध एक छोटी पुस्तिका लिहिली. मग मुंबईला परतल्या. पुन्हा लग्न केलं नाही. २५ सप्टेंबर १९५५ ला, एक्क्याण्णवाव्या वर्षात, त्या गेल्या. त्यांच्या खटल्याच्या धुरळ्यातूनच पुढे १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला, आणि मुलींसाठी संमतीचं वय दहावरून बारावर गेलं. नांदायला न जाणाऱ्या बायकोला तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ मध्ये रद्द झाली.

ज्या वर्षी त्या गेल्या त्याच वर्षी, १९५५ मध्ये, हिंदू विवाह कायदा झाला. त्याच्या नवव्या कलमात वैवाहिक हक्क परत मिळवून देण्याचा दावा तसाच राहिला. १९८३ मध्ये आंध्र हायकोर्टाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. दुसऱ्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात ते वैध ठरवलं. म्हणजे पिन्हीसाहेबांनी ज्याला आधार नाही म्हटलं होतं, तो दावा आजही भारतातल्या कुठल्याही कौटुंबिक न्यायालयात लावता येतो. तुरुंग नाही, एवढाच फरक.

म्हणून रखमाबाईंना नुसत्या पहिल्या डॉक्टरांच्या यादीत बसवून मोकळं होता येत नाही. त्यांनी एक गोष्ट पुढे ठेवली, जी कायद्याला आजही नीट पचलेली नाही. मनाचा नकार हाही पुरावा आहे. तो ऐकायला शिकलेला माणूस लागतो, वेळ लागतो, आणि समोरचा रडत नसला तरी विश्वास ठेवण्याची तयारी लागते. परदेशात आश्रय मागणाऱ्या एखाद्या बाईला आज तसा माणूस मिळू शकतो. आपल्या गल्लीतल्या, नको असलेल्या घरी परत जा म्हणून बसवून ठेवलेल्या मुलीला तो मिळतो का, हे आपण आपल्याला विचारायला हवं. तुमच्यापैकी कोणी मानसशास्त्र घेतलं असेल, कोणी पुढे वकील होईल, कोणी नर्स. असं कोणी तुमच्यापुढे येऊन बसलं, तर घाई करू नका.